तिसरा रकाना

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न पूर्ण, धंदा लेथ मशीनवरचे कातकाम, शिक्षण शाळेचे सात वर्ग आणि पुढचे सगळे आपले आपण, गल्लीत 'मायक्रॉन' या टोपणनावाने परिचित, माझ्या पश्चात काय कोणाचे, हे या कागदावर नक्की करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरत नाहीत. खात्री करायची असल्यास या ओळी पट्टी न लावता किती सरळ आल्या आहेत ते पाहावे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. लावली असती तरी उपयोग झाला नसता, हे मला ओळखणारे सांगतील.

बिघाड फक्त हृदयाच्या एका झडपेत आहे. ती बदलायची तारीख ठरली आहे. नवीन झडप तेवीस मिलिमीटरची बसणार. मी डॉक्टरांना विचारले, "कमी-जास्त किती चालतं?" ते म्हणाले, "इतक्या वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिलेच." आणि उत्तर दिलेच नाही. ही गोष्ट मला आवडलेली नाही.

वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. त्यात 'स्थावर' दोनदा आणि 'जंगम' एकदाही नव्हते, म्हणून मी तो परत केला. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच लिहा ना." त्याप्रमाणे लिहीत आहे. या मजकुराला दहा दिवस लागले आहेत. का लागले ते कलम सातमध्ये येईल.

कलम १. राहते घर. वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या पत्नीचे. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी हलवू नये, 'आमच्याकडे राहायला चला' असा प्रेमाचा आग्रह करूनसुद्धा नाही. जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा पंधरा मिलिमीटर उंच आहे. गवंड्याला मी ती त्याच दिवशी दाखवली होती. तो म्हणाला, "पायाला सवय होते हो." सव्वीस वर्षे झाली, आमच्या पायांना झाली, पाहुणे अजून अडखळतात. गवंड्यावरचा माझा राग कायम आहे, पण पायरी दुरुस्त करू नये. त्या पायरीवर हिच्या पावलाचा आवाज बदलतो आणि खाली मशीनशी उभ्या असलेल्या मला कळते, की ही आली.

बँकेतली ठेवही तिचीच. आकडा तिला माहीत आहे, इतरांना माहीत असायचे कारण नाही.

कलम २. स्वयंपाकघरातले लोखंडी स्टूल. हे मी स्वतः बनवले. त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकतात. आमच्या घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल असे म्हणता येणार नाही. ते पत्नीला वेगळे कलम घालून देत आहे, त्याचे कारण असे.

बारा वर्षांपूर्वी एका सोमवारी ही म्हणाली, "उद्या त्या गाठीची तपासणी आहे, अकरा वाजता." मी "हं" म्हणालो. मंगळवारी ती एकटी गेली, एकटी परत आली. संध्याकाळी वर आल्यावर मी विचारले, "आज जेवण गार कसं?"

ती म्हणाली, "मी काल सांगितलं होतं. तुम्ही हं म्हणालात."

तपासणीत काही निघाले नाही. पण त्या मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर ती जे दोन तास एकटी बसली, ते मला कधीच भरून काढता आले नाहीत. हळहळून काही होत नाही हे मला धंद्याने शिकवले आहे. बिघडलेल्या कामावर रडणारा कारागीर दुसरे कामही बिघडवतो. म्हणून मी एक सवय लावून घेतली: वर यायचे, हात धुवायचे, या स्टुलावर बसायचे आणि ती आपणहून उठेपर्यंत उठायचे नाही. पहिल्या आठवड्यात तिला संशय आला.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"काही नाही."

"मग लसूण सोला."

तेव्हापासून सोलतो आहे. मी सोललेल्या पाकळीला सालीचा कण चिकटलेला नसतो, हे तिलाही मान्य आहे. त्या स्टुलावर बसून मला या बाईबद्दल जेवढे कळले, तेवढे आधीच्या चौदा वर्षांत कळले नव्हते. माझ्यानंतर स्टूल रिकामे दिसले तर तिने त्यावर डबे ठेवू नयेत. स्वतः बसावे. गुडघ्यांना ती उंची बरोबर आहे. मी मापूनच केली होती.

कलम ३. मेहुण्याबद्दल. माझ्या मेहुण्याने, म्हणजे पत्नीच्या भावाने, नऊ वर्षांपूर्वी माझा व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकपट्टी, एका दिवसासाठी नेला आणि पाना समजून नळ फिरवायला वापरला. परत आणून दिला तेव्हा म्हणाला, "दाजी, थोडा वाकलाय, पण चालतो." वाकलेला व्हर्निअर चालत नाही. तो चालतो असे वाटते, हेच त्याचे पाप. तो व्हर्निअर मी फेकलेला नाही. कपाटात कापडात गुंडाळून ठेवला आहे. तो मेहुण्याला द्यावा.

त्यासोबत माझ्या शर्टाच्या खिशातली पितळेची कडीही त्यालाच द्यावी. तो अजून तंबाखू खातो. मीही खायचो. ती सोडायच्या मी चार शपथा घेतल्या: आईची, देवाची, लेकीची आणि शेवटी माझ्या मायक्रोमीटरची. चारही मोडल्या. शपथ राहते डोक्यात आणि पुडी राहते खिशात. तल्लफ आली की हात खिशात जातो, डोक्यात जात नाही. मग पुडीच्या जागी मी ही कडी कातून ठेवली. बोटे तिथे जायची, कडी सापडायची, फिरवत बसायची. झिजलेली बुश, म्हणजे यंत्राच्या आसाभोवतीची नळी, नुसती काढून चालत नाही, तिथे दुसरी बसवावी लागते, सवयीचेही तसेच. कडीचा बाहेरचा व्यास अठ्ठावीस मिलिमीटर होता, आज सत्तावीस पूर्णांक सहा आहे. एवढे पितळ बोटांनी खाल्ले, पण तंबाखू सुटली. मेहुण्याने हसावे खुशाल. कडी मात्र खिशात ठेवावी.

कलम ४. वर्कशॉप आणि लेथ मशीन. हे दोन्ही, मोटार, पट्टे, कपाटातली सगळी पाती आणि मायक्रोमीटरच्या पेटीसह, माझ्या लेकीचे. जागेपैकी रस्त्याकडची पुढची खोली वगळून. तिचे काय ते कलम आठमध्ये.

लेक सतरा वर्षांची असताना म्हणाली, "बाबा, मला लेथ शिकवा." मी म्हणालो, "हे बायकांचं काम नाही." हे वाक्य मी मागे घेतो. तेव्हाही ते खरे कारण नव्हते. खरे कारण मी सांगत नव्हतो, म्हणून हाताशी आले ते वाक्य फेकले. सहा वर्षे ती वर्कशॉपात बिले करायची, ड्रॉइंग उतरवून घ्यायची आणि नुसती बघायची. एका रविवारी मी बाहेरून आलो तर माझ्या टेबलावर एक बुश ठेवलेली. मापली. मिलिमीटरचा एक शतांश मोठी.

ती म्हणाली, "चूक कुठे झाली ते मला माहितीये. तुम्ही सांगू नका."

माझ्या पहिल्या बुशमध्ये सात शतांशांचा फरक होता. हे मी तिला सांगितले नाही, इथे सांगतो. दुसऱ्या दिवसापासून ती मशीनवर उभी राहते. ज्या कारखान्याच्या साहेबांनी मला एकदा 'सातवी पास माणसाला ड्रॉइंग काय कळणार' असे दहा लोकांसमोर विचारले होते, त्यांच्याकडची कामे आता तीच करते आणि ते तिला 'मॅडम' म्हणतात. साहेबांवरचा माझा राग या कलमान्वये निकाली निघाला.

कलम ५. चुकांची वही. जाड पुठ्ठ्याची, लांबट. धंदा सुरू केला तेव्हापासून, म्हणजे एकतीस वर्षे, ती मशीनजवळच्या खुंटीला टांगलेली आहे. प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, चूक, कोणाची, लावलेली सवय. मासल्यादाखल तीन नोंदी उतरवतो.

व्यास मोजला, लांबी मोजायची राहिली. माझी. कापण्याआधी दोनदा मापायचे. दुसऱ्यांदा उलट्या क्रमाने.

गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' म्हणालो. माझी. 'उद्या' हा शब्द बंद. वार सांगायचा.

रागात काम केले, काम भंगारात. माझी. राग आला की आधी मशीनखालचा कचरा काढायचा.

आमच्या वर्कशॉपच्या स्वच्छतेचे लोक कौतुक करतात, त्याचे कारण हे तिसरे.

वहीही लेकीची. ती पुढे चालवावी. एका वेळी एकच सवय धरावी. दोन धरल्या की दोन्ही सुटतात. सवय इतकी लहान असावी, की ताप असताना, भांडण झालेले असताना, मन नसतानाही ती होऊन जाईल. आणि ती रोजच्या एखाद्या कामाला बांधावी, मोकळी सोडू नये. बाकी सगळे तिला माहीत आहे. एक मात्र मी तिला शिकवू शकलो नाही, कारण ते मलाच जमले नव्हते: तिसरा रकाना रिकामा सोडू नये.

गेल्या महिन्यात ती वही वाचत बसली होती. एकदम म्हणाली, "बाबा, इथे कोणाची ते लिहिलंच नाही."

मी न बघताच म्हणालो, "जागा संपली असेल."

"जागा तर रिकामी आहे."

मी मशीन चालू केले. मशीनच्या आवाजात बोलता येत नाही, ही त्याची सोय मी अनेकदा वापरली आहे. पण ते पान कोणते हे मला न बघताही ठाऊक होते.

कलम ६. वर्कशॉपवाल्यांच्या संघटनेने दिलेली ढाल. मी 'चावीचे घर' नावाची एक वस्तू तयार केली, त्याबद्दल ती मिळाली. लेथचे काम न पाहिलेल्यांसाठी सांगतो. चक म्हणजे काम घट्ट धरणारा मशीनचा जबडा. तो आवळायला टी आकाराची लोखंडी चावी लागते. आवळून झाले की चावी काढायची आणि मगच मशीन चालू करायचे. चावी तशीच राहिली आणि चक फिरला, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. मी केलेल्या घरात चावी नीट बसली नाही, तर मशीनला वीजच मिळत नाही. माणूस विसरला तरी मशीन विसरत नाही. आजूबाजूच्या एकतीस वर्कशॉपनी हे घर बसवले आहे. ढाल दिली त्या दिवशी माझा धाकटा भाऊ पहिल्या रांगेत काळा चष्मा लावून बसला होता. सगळ्यांचे हात थांबल्यावरही तो टाळ्या वाजवत होता.

ही ढाल मी कोणालाही देत नाही. ती पितळेची नाही, नुसता मुलामा आहे. भंगारात घालावी.

कलम ७. धाकट्या भावाबद्दल. या कलमात खाडाखोड आहे. ती मी केलेली आहे आणि शेजारी माझी आद्याक्षरे आहेत. आयुष्यभर मी चुकलेला कागद फाडून नवीन घेत आलो. हा फाडलेला नाही.

खोडलेला मजकूर असा होता: 'माझ्या कपाटात एक बंद पाकीट आहे. ते माझ्या मृत्यूनंतर धाकट्याला द्यावे.' हे मी स्टुलावर बसून पत्नीला वाचून दाखवले. पाकिटात काय आहे तेही सांगितले. तिलाही ते माहीत नव्हते. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे मेल्यावर सांगणार? आणि त्याने भांडायचं कोणाशी? फोटोशी?"

मी खाली येऊन त्या ओळी खोडल्या. पाकिटातले इथे लिहितो.

अठरा वर्षांपूर्वी हे वर्कशॉप आम्हा दोघा भावांचे होते. मशीन एकच. सकाळी मी उभा राहायचो, दुपारी तो. माझ्यापेक्षा त्याचा हात हलका होता, हे मी तेव्हा कबूल केले नसते. त्या दुपारी मी पंपाचे एक काम चकमध्ये लावले, चावीने आवळले, आणि फोन वाजला. पंपवाला बोलत होता. आधीचा माल त्याला फार आवडला होता. 'असं काम यंत्रशाळेत शिकलेल्यांना जमत नाही,' असे तो म्हणत होता. ते मी दोनदा म्हणवून घेतले. बोलता बोलताच धाकट्याला हाताने खूण केली, पुढचा कट तू घे. तो आला. माझ्यावर विश्वास ठेवून त्याने चकाकडे न बघता मशीन चालू केले.

चावी त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली.

त्या दुपारचा अर्धा तास त्याच्या डोक्यातून पुसला गेला आहे. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांच्या आडून त्याने मला विचारले, "दादा, चावी मीच विसरलो ना?"

मी म्हणालो, "असू दे. होतं असं कधीकधी."

मी खोटे बोललो नाही, असे स्वतःला अनेक वर्षे समजावले. खोट्याहून वाईट केले. माझ्या चुकीबद्दल मी त्याला माफ केले. मोठ्या मनाने. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून. त्याने माझा हात धरून ठेवला होता.

तो पुन्हा लेथपाशी उभा राहिला नाही. दोन गल्ल्या सोडून झेरॉक्सचे दुकान टाकले. तेव्हापासून तो दुकानाचे कुलूप तीनदा ओढून बघतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येऊन पुन्हा ओढतो. त्याला सगळे 'डबलचेक' म्हणतात, मीही म्हणालो आहे. भावजय हसून सांगते, "यांना आठला कुठे पोचवायचं तर मी सातची वेळ सांगते, तासभर कुलपातच जातो." तो गाडी चालवायला शिकला नाही. मुलगा झाला तेव्हा सहा महिने त्याला उभ्याने घेतले नाही, जमिनीवर बसायचा आणि मग म्हणायचा, "आता द्या. माझं ध्यान नसतं हो."

त्याचे ध्यान होते. माझे नव्हते.

मी सवयींबद्दल लोकांना शहाणपण सांगत फिरलो. माझ्या चुकीतून मी चावीचे घर बनवले, त्याची ढाल घेतली. आणि त्याच चुकीतून त्याने एक सवय लावून घेतली, जिच्यावर त्याचा हक्कच नव्हता. चूक ज्याची त्याने शिकायची. मी त्याला माझ्या चुकीचा धडा अठरा वर्षे गिरवायला लावला.

म्हणून मी माझ्या धाकट्या भावाला, पूर्ण मालकी हक्काने आणि कोणतीही अट न घालता, हे देतो: कुलूप एकदा ओढून निघून जायची मोकळीक. ते नीट लागलेले असते. नेहमीच नीट लागलेले होते.

कलम ८. पुढची खोली, आणि त्यानंतर जे झाले ते. रस्त्याकडची पुढची खोली मी आधी धाकट्याच्या नावे लिहिली होती. रविवारी सकाळी त्याला बोलावले आणि कागद हातात दिले. वाचताना तो मान जराशी डावीकडे वळवतो, म्हणजे उजवा डोळा ओळीसमोर येतो. कलम सात त्याने उभ्यानेच वाचले. मग परत पहिल्या ओळीपासून वाचले.

"फोन कोणाचा होता म्हणालास?"

"पंपवाल्याचा."

"आणि काय, काम चांगलं झालंय म्हणत होता?"

"हो."

"झालं होतं का चांगलं?"

"झालं होतं."

तो जरा हसल्यासारखा झाला, पण ते हसू नव्हते. म्हणाला, "अठरा वर्षं, दादा. पोराला मी उभ्यानं घेतलं नाही रे."

पत्नी वरून म्हणाली, "भाऊजी, चहा टाकलाय." तो म्हणाला, "आज नको, वहिनी." कागद त्याने घडी घालून पिशवीत ठेवले आणि निघून गेला. माझे मृत्युपत्र घेऊन गेला, हे मला तो गेल्यावर कळले.

सोमवार, मंगळवार, बुधवार तो आला नाही. शुक्रवारी सकाळी सातला मला दवाखान्यात दाखल व्हायचे. लेक म्हणाली, "मी जाऊ का काकाकडे?" मी नको म्हणालो. ती म्हणाली, "मग दुसरी प्रत तरी लिहून ठेवा. तुम्हाला तर पाठ आहे." पाठ होते. पण लिहायला बसलो असतो, तर कलम सात मी घासून पुसून गुळगुळीत केले असते. माझा हात मला माहीत आहे. मशीनखाली कचरा नव्हता तरी मी तीन दिवस तोच काढत होतो.

गुरुवारी संध्याकाळी पाचला तो आला. पिशवीतून मूळ कागद काढला आणि त्याच्या तीन प्रती.

"खाडाखोडीसकट आल्यात," तो म्हणाला. "पहिल्यांदा फिकी आली होती. परत काढली."

मी बस म्हणालो. तो बसला नाही.

"माफ केलं वगैरे मी म्हणणार नाही. ते तू मला म्हणून बसलायस."

"नको म्हणूस."

"राग आहे. फार आहे. इतके दिवस स्वतःवर होता, तो आता कुठे ठेवू ते कळत नाही. उद्या तुला फाडणार, नाहीतर आजच फाडला असता." मग म्हणाला, "तू परत आलास की रोज येईन इथे, राग घेऊन. मशीनखालचा कचरा मीच काढीन. तुझी वही मी पण वाचलीये."

लेक मशीनपाशी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मी विचारले नाही.

"वही काढ," धाकटा म्हणाला.

मी खुंटीवरून वही काढली. ते पान उघडले. दुसऱ्या रकान्यात अठरा वर्षांपूर्वीचे माझे अक्षर: 'चावी चकमध्ये राहिली.' चौथ्यात चावीच्या घराचे छोटे चित्र. तिसरा रिकामा. मी तिथे लिहिले: माझी.

त्याने वही आपल्याकडे वळवून उजव्या डोळ्यासमोर धरली. "तारीख टाक. आजची." मी टाकली.

मग त्याने सांगितले की त्याला खोली नको. वकीलबाई म्हणाल्या आहेत, की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. "मला साक्षीदार व्हायचंय," तो म्हणाला. "तेव्हा मी तिथेच होतो आणि मला काही आठवत नाही. या वेळी उभा राहून बघतो." मी खूप हुज्जत घातली. या वर्कशॉपात हुज्जतीत मी हरल्याची ही पहिली नोंद. त्यामुळे पुढची खोली त्याच्या मुलाला, म्हणजे माझ्या पुतण्याला देत आहे. धाकट्याला फक्त कलम सातच्या शेवटी लिहिले आहे तेवढेच. वकीलबाईंना विचारले, त्या म्हणाल्या, मोकळीक ही मिळकतीत मोडत नाही. मला ते पटलेले नाही, पण इथे सोयीचे आहे.

निघताना म्हणाला, "शटर मी ओढतो. तुला वजन उचलायचं नाहीये." लेकीला आणि मला वर पाठवून त्याने शटर खाली घेतले. मी वरच्या खिडकीत उभा राहिलो. त्याने कुलूप लावले. ओढले. पुन्हा ओढले. तिसऱ्यांदा ओढले. कोपऱ्यापर्यंत गेला, थांबला आणि वळून परत आला. अठरा वर्षांची सवय एका कागदाने जात नाही, हे मी इतरांना किती वेळा सांगितले असेल. तरी छातीत काहीतरी हलले, ती झडप असेल.

शटरपाशी येऊन त्याने वर पाहिले.

"दादा, उद्या सातला ना?"

"सातला."

"साडेसहाला येतो. सही करू आणि निघू. तयार राहा, मला उशीर चालत नाही."

आणि गेला. कुलपाला हात न लावता गेला. कदाचित बोलण्याच्या नादात विसरला असेल. विसरू दे.

कलम ९. व्यवस्था. हे मृत्युपत्र अमलात आणायचे काम लेकीकडे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मी शस्त्रक्रियेतून परत आलो, तर हा कागद कपाटात राहील आणि मी स्टुलावर. कलम सातमधली मोकळीक मात्र माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासूनच लागू आहे.

ठिकाण: वर्कशॉप, मशीनशेजारचे टेबल.
वार शुक्रवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. साक्षीदार क्रमांक दोन सहा वाजून बावीस मिनिटांनीच आला.

मृत्युपत्र करणार: (सही) टर्नर, ऊर्फ मायक्रॉन

साक्षीदार क्रमांक एक: (सही) शेजारचा शिंपी. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. माझ्या माप घेण्यावरून यांनी मला आजवर दोनदा टोकले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

साक्षीदार क्रमांक दोन: (सही) धाकटा भाऊ, धंदा झेरॉक्स. दादाने माझ्यासमोर सही केली. मी त्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभा होतो. पेन निळे होते. खिडकी उघडी होती. चावी तिच्या घरात होती, मी बघितली. हे सगळे मला आठवणार आहे.